‘परवानगी द्या’ म्हणजे नेमकी कशाची? फोनमधलं लोकेशन आणि आपली संमती

(छत्रपती संभाजीनगर येथे दिलेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन आहे. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)

सुरुवात करण्याआधी एक काम. आपापला फोन बाहेर काढा, सेटिंग्जमध्ये जा, लोकेशन उघडा आणि कोणकोणत्या अ‍ॅपला लोकेशनची परवानगी दिलेली आहे ती यादी बघा. आत्ता काही बंद करू नका, नुसती मोजा. पंधराच्या वर कुणाची आहे? ... बरेच हात दिसताहेत. आता दुसरा प्रश्न. यातल्या किती परवानग्या दिल्याचं तुम्हाला आठवतं? (हशा) बरोबर. आमचंही तेच झालं होतं.

आम्ही दोघं मिळून हे व्याख्यान देतो आहोत. एक जण सॉफ्टवेअरच्या कामातले, एक वकिली करणारे. त्यामुळे मध्येच यंत्राची गोष्ट येईल, मध्येच कलमं येतील. सांभाळून घ्या.

आमच्या लहानपणी या शहरात पत्ता सांगायची एक पद्धत होती. ‘गुलमंडीला या, सुपारी हनुमानापाशी थांबा आणि कुणालाही विचारा.’ पाहुणा विचारत विचारत यायचा, आणि तो येतोय हे गल्लीला आपल्या आधी कळलेलं असायचं. त्यात खासगीपणा फार होता असं कुणी म्हणणार नाही. पण कोण विचारतंय ते दिसायचं. माणूस बरा वाटला नाही तर पानवाला सरळ ‘माहीत नाही’ म्हणून मोकळा व्हायचा. आज आपण ‘लोकेशन पाठव’ म्हणतो आणि पाहुणा दारात येतो. सोय मोठीच आहे. फक्त मधला पानवाला गेला. त्याच्या जागी कोण बसलंय, हे आज बघायचं.

या व्याख्यानाच्या तयारीसाठी आम्ही एक प्रयोग केला. आमच्यापैकी एकाच्या फोनमधली आठ दिवसांची लोकेशनची नोंद काढली. नाव नाही, नंबर नाही, नुसते ठिपके आणि वेळा. तो नकाशा छापून एका मित्राला दिला आणि म्हटलं, हा माणूस कोण ते सांग. दहा मिनिटांत त्याने सांगितलं. रात्री सगळे ठिपके सिडको एन-सातमधल्या एका जागी, म्हणजे घर. सकाळी साडेनऊनंतर चिकलठाण्याकडे, म्हणजे काम. दोन्ही मिळून माणूस ओळखला. पण तो तिथे थांबला नाही. त्याने विचारलं, ‘मंगळवारी आणि शुक्रवारी चार-चार तास घाटीत काय करतोस? घरात कुणाचं डायलिसिस चालू आहे का?’ होतं. आईचं. ऑफिसात कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

ही गोष्ट कोणत्याही फॉर्मवर लिहिलेली नव्हती, कुणी विचारली नव्हती. ती ठिपक्यांतून निघाली. लोकेशनबद्दल बोलताना हे सतत ध्यानात ठेवावं लागतं: आपण ‘मी कुठे आहे’ एवढंच देतो असं आपल्याला वाटतं, आणि समोरच्याच्या हाती ‘मी कोण आहे’ पडतं. देवळात, मशिदीत, विहारात कधी जातो. कोणत्या डॉक्टरकडे जातो. कोणत्या मोर्चाला गेलो. रात्री घरी नव्हतो.

‘नाव तर काढून टाकलेलं असतं ना?’ असं कंपन्या नेहमी म्हणतात. यावर २०१३ साली एक गाजलेला अभ्यास झाला. साधारण १५ लाख लोकांच्या १५ महिन्यांच्या मोबाइल नोंदी संशोधकांनी तपासल्या. एखाद्या माणसाचे ठिकाण आणि वेळ अशा जोडीचे फक्त चार ठिपके माहीत असले, तर ९५ टक्के लोक त्या गर्दीतून वेगळे काढता येतात, असं त्यात दिसलं. चार ठिपके! आपण सकाळी दूध आणायला जातो तिथेच दोन होतात. पुढे २०१९च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या हाती १ कोटी २० लाख अमेरिकी फोनांच्या ५ हजार कोटी नोंदी लागल्या. त्यांत नावं नव्हती, तरी पत्रकारांनी माणसं शोधून काढली. आमच्या मित्राने केलं तेच, फक्त मोठ्या प्रमाणावर.

आता यंत्राची बाजू. इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे, की जीपीएस म्हणजे वरून उपग्रह आपल्यावर नजर ठेवतो. तसं नाही. उपग्रहाला तुमचा पत्ताही नसतो. तो आकाशवाणीसारखा नुसता बोलत राहतो: मी अमुक उपग्रह, माझी वेळ अमुक. तुमचा फोन किमान चार उपग्रहांचं बोलणं ऐकतो, कोणाचा संदेश किती उशिरा पोचला ते मोजतो आणि स्वतःची जागा गणिताने काढतो. इथवर सगळं फोनच्या आतच असतं. कुणाला काही कळलेलं नसतं. बाहेर जातं ते त्यानंतर, एखादं अ‍ॅप फोनला ‘मी कुठे आहे?’ विचारतं आणि मिळालेलं उत्तर इंटरनेटवरून आपल्या कंपनीच्या सर्व्हरला पाठवतं, तेव्हा. म्हणजे दोष आकाशाचा नाही, खिशातला आहे.

आणि जीपीएस बंद केलं म्हणजे झालं, असंही नाही. आसपासच्या वाय-फायची नावं फोनला दिसतात. कोणतं वाय-फाय कुठे आहे याचे मोठे साठे कंपन्यांकडे आहेत. औरंगपुऱ्यातल्या चार दुकानांची वाय-फाय दिसली की तुम्ही औरंगपुऱ्यात आहात, हे सांगायला उपग्रह लागत नाही. शिवाय मोबाइलचा टॉवर आहे. तो तर लागतोच, नाहीतर फोन वाजणार कसा? तुम्ही कोणत्या टॉवरखाली आहात हे मोबाइल कंपनीला कळतंच, आणि तिथे तुमच्या अ‍ॅपच्या परवानगीचा काही संबंध नसतो.

किती बारकाईने कळतं, याची एक सोपी मोजपट्टी आहे. बीबी का मकबऱ्याचे अक्षांश-रेखांश साधारण १९.९० आणि ७५.३२. दशांश चिन्हानंतर दोनच अंक दिले तर चूक सुमारे एक किलोमीटरची राहते. म्हणजे परिसर कळतो, घर कळत नाही. तिसरा अंक दिला की शंभरेक मीटर. चौथा दिला की दहा-अकरा मीटर, म्हणजे कोणाचं घर ते कळलं. पाचवा दिला की दारापर्यंत. हवामानाच्या अ‍ॅपला पाऊस सांगण्यासाठी दोन अंक पुरतात. मकबऱ्यावर पाऊस आहे आणि पाणचक्कीवर नाही, असं रोज थोडंच होतं? तरी बहुतेकांनी हवामानाच्या अ‍ॅपला पाच अंक देऊन ठेवलेत. अँड्रॉइडच्या बाराव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२१पासून, परवानगी मागताना ‘अचूक’ आणि ‘अंदाजे’ अशी दोन चित्रं दिसतात. ‘अंदाजे’ निवडलं की सुमारे तीन चौरस किलोमीटरच्या परिसरापेक्षा जास्त बारीक माहिती अ‍ॅपला मिळत नाही. आयफोनमध्ये ही सोय २०२०पासून आहे. चित्रं गोड आहेत, म्हणून लोक न वाचता पुढे जातात.

मग हे पाच अंक जातात कुठे? एखादं अ‍ॅप फुकट असतं, तरी बनवणाऱ्याला पैसे मिळवायचे असतातच. तो जाहिरात कंपनीने तयार करून दिलेला एक तयार तुकडा आपल्या अ‍ॅपमध्ये बसवतो. परवानगी तुम्ही अ‍ॅपला देता, आणि आत बसलेला हा पाहुणाही तीच परवानगी वापरतो. तिथून माहिती दलालाकडे, दलालाकडून आणखी कुणाकडे. तुम्ही टॉर्चच्या अ‍ॅपला ‘हो’ म्हणालात, पण कोणाकोणाला म्हणालात ते तुम्हालाही माहीत नाही आणि खरं सांगायचं तर टॉर्चवाल्यालाही पूर्ण माहीत नसतं.

मोठ्या कंपन्यांची गोष्ट थोडी वेगळी. २०१८ साली असोसिएटेड प्रेसने दाखवून दिलं की गूगलमध्ये ‘लोकेशन हिस्टरी’ बंद केली तरी ‘वेब अँड अ‍ॅप अ‍ॅक्टिव्हिटी’ नावाच्या दुसऱ्याच बटणातून ठिकाणांची नोंद होत राहते. माणसाने दार लावलं, पण खिडकी आहे हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. नोव्हेंबर २०२२मध्ये अमेरिकेतल्या ४० राज्यांशी गूगलने ३९ कोटी १५ लाख डॉलरची तडजोड केली. तेव्हापासून बरेच बदल झाले. गूगल मॅप्सची टाइमलाइन आता फोनमध्येच साठवली जाते. तरी ते दुसरं बटण एकदा बघून घ्या.

आता संमतीकडे येऊ. इथे वकिलांचा आवाज जरा वाढेल.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे. पुट्टस्वामी खटला. त्या पीठावर आपले नागपूरचे न्या. शरद बोबडे होते आणि न्या. धनंजय चंद्रचूड होते. एक गंमत सांगायलाच हवी. आणीबाणीत, १९७६ साली, जबलपूरच्या खटल्यात नागरिकांच्या विरोधात ज्या बहुमताने निकाल गेला, त्यात न्या. यशवंत चंद्रचूड होते. एकेचाळीस वर्षांनी मुलाने आपल्या निकालपत्रात वडिलांचा तो निकाल चुकीचा ठरवला. घरात काय बोलणं झालं असतं, देव जाणे.

अधिकार मिळाला, पण रोजच्या वापरासाठी कायदा हवा. तोवर होते २०११चे नियम. त्यांत ‘संवेदनशील’ माहितीची यादी होती: पासवर्ड, बँकेचा तपशील, आरोग्य, बोटांचे ठसे वगैरे. त्या यादीत लोकेशन नाही! डायलिसिसचा रिपोर्ट संवेदनशील, पण दर मंगळवारी-शुक्रवारी घाटीत चार तास, हे नाही. पुढे न्या. श्रीकृष्ण समितीचा २०१८चा अहवाल आला, मसुदे आले, मागे घेतले गेले, आणि शेवटी ऑगस्ट २०२३मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले. मुख्य तरतुदींसाठी अठरा महिन्यांची मुदत आहे, म्हणजे मे २०२७. तोपर्यंत कायदा कागदावर आहे आणि आपण रस्त्यावर.

या कायद्याचं सहावं कलम वाचण्यासारखं आहे. संमती मोकळेपणाने दिलेली हवी, ठरावीक कामापुरती हवी, समजून दिलेली हवी, बिनशर्त हवी, निःसंदिग्ध हवी, आणि स्पष्ट कृतीतून दिसायला हवी. आधीच टिकमार्क करून ठेवलेला चौकोन म्हणजे संमती नव्हे. संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं हवं. आणि संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय हवी. म्हणजे मराठीत मागायचा आपल्याला हक्क आहे. (टाळ्या) टाळ्या राहू द्या, ते मराठी कसं असेल ते आधी बघू.

कायद्यात एक उदाहरण दिलंय, ते फार बोलकं आहे. एका बाईने डॉक्टरांचा सल्ला देणारं अ‍ॅप घेतलं. अ‍ॅपने दोन गोष्टी मागितल्या: सल्ल्यासाठी लागणारी माहिती, आणि फोनमधली सगळी संपर्कयादी. तिने दोन्हीला ‘हो’ म्हटलं. कायदा म्हणतो, संपर्कयादीची सल्ल्यासाठी गरजच नाही, त्यामुळे तिची संमती फक्त पहिल्या गोष्टीपुरतीच धरायची. तिने ‘हो’ म्हटलं असूनही! टॉर्चच्या अ‍ॅपला लोकेशन लावून बघा. आमच्या मते याच न्यायाने ते टिकणार नाही.

पण याच कायद्यात सातवं कलमही आहे, आणि खरी चर्चा त्यावर व्हायला हवी. काही कामांसाठी संमती घेण्याची गरजच नाही, असं ते सांगते. सरकारी लाभ देणं हे त्यातलं एक, आणि नोकरीच्या कारणासाठी मालकाने माहिती वापरणं हे दुसरं. आता आपल्या आजूबाजूला कोणाचं लोकेशन सगळ्यात जास्त घेतलं जातं, ते आठवा.

शेतकरी घ्या. १५ ऑगस्ट २०२१पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकरी बांधावर उभा राहून पिकाचा फोटो काढतो, सोबत अक्षांश-रेखांश जातात आणि सातबाऱ्यावर पिकाची नोंद होते. आम्ही याच्या विरोधात नाही, उलट लोकेशन कसं मागावं याचा हा बरा नमुना आहे. कशासाठी ते कळतं, कुठलं ते कळतं, फोटोपुरतंच लागतं. खटकतं ते पुढचं. पाहणी झाली तरी परवानगी चालूच राहते, आणि ज्याच्याकडे चांगला फोन नाही तो शेजाऱ्याच्या पोराच्या फोनवरून नोंद करतो. वैजापूर-कन्नडकडे हे अगदी नेहमीचं आहे. तिथे संमती कोणाची, फोन कोणाचा आणि शेत कोणाचं?

मनरेगाच्या कामावर १ जानेवारी २०२३पासून मोबाइल अ‍ॅपची हजेरी सक्तीची झाली: दिवसातून दोनदा, ठिकाणाच्या नोंदीसह मजुरांचा फोटो. नेटवर्क गेलं की हजेरी गेली, हजेरी गेली की मजुरी अडली. नागपूर महापालिकेने सफाई कामगारांच्या हातात जीपीएसची घड्याळं बांधली. कामगार कुठे आहे ते ऑफिसातल्या पडद्यावर दिसायचं, आणि कामगारांनी त्याला हरकत घेतली. यातल्या कुणालाही ‘परवानगी देता का?’ असं कुणी खऱ्या अर्थाने विचारलं नाही. आणि विचारलं असतं, तरी नाही म्हणण्याची किंमत एका दिवसाचा रोज होती.

आपण सगळ्यांनी याची चव एकदा घेतली आहे. आरोग्य सेतू आठवतं? २ एप्रिल २०२०. ब्लूटूथ आणि लोकेशन दोन्ही चालू ठेवायचं, दर पंधरा मिनिटांनी ठिकाणाची नोंद फोनमध्ये व्हायची. १ मे रोजी केंद्राने सगळ्या नोकरदारांना ते सक्तीचं केलं. सक्तीला कायद्याचा आधार नाही, असं न्या. श्रीकृष्ण यांनी जाहीरपणे सांगितलं. १७ मेच्या आदेशात भाषा मवाळ झाली, ‘शक्य तितका प्रयत्न करा’ अशी. १८० दिवसांनी माहिती पुसायचा नियम सक्तीनंतर आला. त्या काळात ते अ‍ॅप वापरणं चूक होतं असं आम्ही म्हणत नाही. आम्हीही घेतलं होतं. पण अ‍ॅप आधी, सक्ती मग आणि नियम शेवटी, हा क्रम ध्यानात ठेवा.

न्यायालयाचा आणखी एक निकाल सांगतो, कारण तो फार कमी लोकांना माहीत आहे. अमली पदार्थांच्या एका खटल्यात परदेशी आरोपीला जामीन देताना अट घातली होती: गूगल मॅप्सवर पिन टाकून तपास अधिकाऱ्याला लोकेशन दाखवायचं. ८ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांनी ती अट काढून टाकली. आरोपीच्या प्रत्येक हालचालीवर पोलिसांना सतत लक्ष ठेवता येईल अशी अट जामिनात घालता येत नाही, ती खासगीपणाच्या अधिकाराविरुद्ध आहे. तपास यंत्रणेला नाही, पण हवामानाच्या अ‍ॅपला आपण ते देतो, विचार करा. शिवाय या खटल्यात गूगलनेच न्यायालयाला सांगितलं की पिन म्हणजे स्थिर खूण असते, त्यातून माणसाचा माग लागत नाही. म्हणजे अट घालणाऱ्यालाही आपण काय मागतोय ते नीट माहीत नव्हतं!

आता फोन पुन्हा हातात घ्या. ज्या अ‍ॅपपुढे ‘कायम’ लिहिलंय, त्यांच्यापासून सुरुवात करा. बहुतेकांना ‘अ‍ॅप वापरताना’ एवढं पुरतं. एकदाच लागणार असेल तर ‘फक्त यावेळी’. हवामान, बातम्या, खरेदी यांना ‘अंदाजे’. कॅमेऱ्याचं लोकेशन बंद, कारण फोटोच्या फाइलमध्ये घराचे अक्षांश-रेखांश बसतात. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला तर ते निघून जातात, पण तोच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर सोबत जातात. लाइव्ह लोकेशन पंधरा मिनिटं, एक तास किंवा आठ तास चालतं. आपण घाईत आठ तास निवडतो आणि पोचल्यावर बंद करायला विसरतो. पाच मिनिटं देतो, करा.

(प्रश्नोत्तरांतले काही प्रश्न)

प्रश्न: मुलीच्या फोनमध्ये आम्ही लोकेशन चालू ठेवलंय. ती बारावीला आहे. हेही चूक का?

कायद्याने अठराखालची व्यक्ती म्हणजे मूल, आणि कंपनीला मुलांवर पाळत ठेवायला मनाई आहे. शाळेच्या वाहनात सुरक्षेसाठी माग ठेवण्यासारखे अपवाद आहेत. आई-वडिलांच्या काळजीला कायदा हात लावत नाही. पण एक विचारतो काका, तिला माहीत आहे का? ... तिला न सांगता ठेवलं असेल, तर आज घरी जाऊन सांगा. ती चिडेल. एखादं ठिकाण ‘इथे नको’ म्हणेल, तेही ऐका. आणि अठरा पूर्ण झाली की पुन्हा विचारा.

प्रश्न: लग्न झाल्यापासून मिस्टर माझं लोकेशन बघतात. प्रेमानेच बघतात म्हणतात.

तुम्हाला त्यांचं दिसतं का? ... नाही. कार्यक्रमानंतर थांबा ताई, आपण निवांत बोलू. एक आत्ताच सांगतो, घाईने काही बंद करू नका. अचानक बंद झालेलं समोरच्याला लगेच कळतं. आधी कोणाशी तरी बोलून घ्या.

प्रश्न: मी जेवणाच्या ऑर्डरी पोचवतो. लोकेशन बंद केलं तर ऑर्डर येत नाही. मग माझी संमती कसली?

तुम्हाला कंपनी कामगार म्हणते का?

— नाही, पार्टनर म्हणते.

मग गंमत बघा. तुम्ही नोकर नाही असं कंपनीच म्हणत असेल, तर सातव्या कलमातली नोकरीची सवलत तिला सहज घेता येणार नाही, असं आम्हाला वाटतं. हे आमचं मत, अजून कुठल्या न्यायालयाने ठरवलेलं नाही. मग तिला सहाव्या कलमाने संमतीच घ्यावी लागेल, ठरावीक कामापुरती. ऑर्डर हातात असताना लोकेशन लागतं, ते कुणी नाकारणार नाही. ड्युटी संपल्यावर कशाला? तुमच्या फोनमध्ये काय लिहिलंय बघू. ... ‘कायम’. म्हणजे रात्री घरी झोपलात तरी. ‘वापरताना’ करून द्यायचं का?

— आत्ता नको सर. साडेआठची शिफ्ट आहे. नंतर बघतो.